एकाच देशात दहा वर्षांचं अंतर: राज्य बदललं की आयुर्मान का बदलतं?

छत्तीसगडमध्ये जन्मलेल्या बाळाचं अपेक्षित आयुर्मान ६५.१ वर्षं आहे, केरळमध्ये जन्मलेल्याचं ७५. उत्तर प्रदेशात ते ६६ आहे, मध्य प्रदेशात ६७.४, महाराष्ट्रात ७२.९ आणि दिल्लीत सगळ्यांत जास्त, ७५.८. देशाची सरासरी ७०. भारताच्या महानिबंधक कार्यालयाने काढलेल्या २०१६-२० या काळाच्या तक्त्यातले हे आकडे आहेत.

वरच्या आणि खालच्या राज्यात दहा वर्षांचं अंतर म्हणजे नेमकं किती? १९९१-९५ मध्ये भारताचं आयुर्मान साठच्या थोडं वर होतं. तिथून सत्तरपर्यंत पोचायला देशाला पाव शतक लागलं. म्हणजे रायपूरहून कोचीला जाणारी गाडी धरली तर देशाच्या पंचवीस वर्षांच्या प्रगतीएवढं अंतर आपण दीड-दोन दिवसांत कापतो.

या फरकाची कारणं विचारली की हवा-पाणी, खाणंपिणं, मासे, नारळ, काटक अंगकाठी अशी उत्तरं मिळतात. या कारणांनी दहा वर्षांचा हिशोब लागत नाही. फरकाचा मोठा भाग आयुष्याच्या सुरुवातीला, त्यातही पहिल्या वर्षात तयार होतो. आणि तो ज्या गोष्टींमुळे तयार होतो त्या फार साध्या आहेत: आईचं वजन, वेळेवर पोचलेली नर्स, मुलीची शाळा, घरातलं धान्य.

हा आकडा काय सांगतो

आयुर्मान ६५ म्हणजे छत्तीसगडचा माणूस पासष्टाव्या वर्षी जातो, असा अर्थ नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून थोडं थांबून बघू.

समजा, एका गावात दहा बाळं जन्मली. त्यातली दोन पहिल्या काही दिवसांतच गेली आणि उरलेली आठ सत्तर-सत्तर वर्षं जगली. सरासरी काढली तर ५६ येते. त्या गावात छप्पन्नाव्या वर्षी कुणीही मेलेलं नाही, तरी गावाचं आयुर्मान ५६. दोन बाळांच्या मृत्यूने दहाही जणांच्या सरासरीतून चौदा वर्षं कापून नेली. म्हणूनच ज्या प्रदेशात अर्भकं जास्त दगावतात, तिथलं आयुर्मान झपाट्याने खाली येतं.

प्रत्यक्षात आयुर्मान काढण्याची पद्धत अशी: एक लाख बाळं एकाच दिवशी जन्मली असं मानायचं. आज त्या राज्यात पहिल्या वर्षात जितक्या प्रमाणात मुलं दगावतात, तितकी यातून वजा करायची. मग पुढच्या वयोगटातल्या आजच्या मृत्युदराने आणखी वजा करायची, असं थेट म्हातारपणापर्यंत जायचं. हे सगळे मिळून जितकी वर्षं जगले त्याला एक लाखाने भागायचं. आलेला आकडा म्हणजे ‘जन्मावेळचं अपेक्षित आयुर्मान’. हे त्या बाळाचं भविष्य नव्हे. आज त्या राज्यात कोणत्या वयात मृत्यू किती जवळ आहे, याचं ते एका आकड्यातलं चित्र आहे. उद्या परिस्थिती सुधारली तर तेच बाळ त्याहून खूप जास्त जगेल.

एवढा खटाटोप कशासाठी, दर हजारी किती माणसं मेली हे मोजलं की झालं, असं वाटू शकतं. पण केरळमध्ये म्हातारी माणसं जास्त असल्यामुळे तिथे दर हजारी मृत्यू देशाच्या सरासरीहून अधिक भरतात. नुसत्या त्या आकड्यावर गेलो तर केरळ मागासलेलं ठरेल. वयानुसार मृत्युदर घेतले की हा घोटाळा होत नाही.

मोजतं कोण?

आपल्याकडे जन्म-मृत्यूची नोंद कायद्याने सक्तीची आहे, पण अनेक राज्यांत ती वर्षानुवर्षं अपुरी राहिली. म्हणून महानिबंधक कार्यालय ‘नमुना नोंदणी पद्धत’ चालवतं. १९६९-७० पासून ती देशभर सुरू आहे. देशातली आठ हजारांहून जास्त गावं आणि शहरांतले भाग निवडलेले आहेत, आणि त्यांत राहणाऱ्या सुमारे ऐंशी लाख लोकांवर ही सगळी गणितं उभी आहेत.

निवडलेल्या प्रत्येक ठिकाणी अर्धवेळ काम करणारा एक स्थानिक नोंदणीकार असतो. बहुतेकदा शाळेतले गुरुजी, बाई किंवा अंगणवाडी सेविका. घरांची यादी, कोणाकडे कोण गरोदर आहे, कुठे जन्म झाला, कुठे मृत्यू झाला, हे ते वर्षभर टिपत राहतात. दर सहा महिन्यांनी एक पर्यवेक्षक येतो आणि नोंदणीकाराची वही न बघता घरोघर जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारतो. नंतर दोन्ही नोंदी शेजारी ठेवून जुळवतात. जी नोंद एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, तिच्यासाठी परत त्या घरी जाऊन खात्री करतात.

ही दुहेरी नोंद कशासाठी, हे कळायला दोन दिवस जगलेलं बाळ डोळ्यांसमोर आणावं लागतं. त्याचं बारसं झालेलं नसतं. घरातले त्याचा विषय काढत नाहीत, आणि ‘घरात कुणी वारलं का?’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणतात. पण सहा महिन्यांपूर्वीच्या यादीत ती बाई गरोदर होती अशी नोंद असते. मग पुढचा प्रश्न विचारता येतो. या देशात मृत्यूंच्या मोजणीतून सगळ्यांत सहज निसटणारा माणूस हाच. तो निसटला तर राज्याचं आयुर्मान कागदावर आपोआप चांगलं दिसायला लागतं.

पहिलं वर्ष

१९७०-७५ मध्ये उत्तर प्रदेशाचं आयुर्मान ४३ होतं, केरळचं ६२. अंतर एकोणीस वर्षांचं. आज तेच अंतर नऊ वर्षांवर आलं आहे. केरळने या काळात तेरा वर्षं कमावली, उत्तर प्रदेशाने तेवीस. ‘मागास’ म्हणून हिणवल्या गेलेल्या राज्याने मारलेली ही मजल मोठी आहे आणि तिची पुरेशी दखल घेतली जात नाही, असं मला वाटतं.

तरी उरलेलं अंतर कुठे आहे ते बघा. २०२० मध्ये भारतात जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी २८ बाळं वर्षाच्या आत दगावली. केरळमध्ये ६, महाराष्ट्रात १६, उत्तर प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये ३८, मध्य प्रदेशात ४३. या तक्त्यांत ‘एक वर्षाचं झाल्यावर उरलेलं आयुर्मान’ असाही रकाना असतो. खरं तर एक वर्ष जगून झालं की पुढची वर्षं एकाने कमी व्हायला हवीत. पण २०१५-१९ च्या तक्त्यात उत्तर प्रदेशातल्या बाळाने पहिला वाढदिवस गाठला की त्याचं अपेक्षित आयुर्मान उलट ३.४ वर्षांनी वाढतं. पहिलं वर्ष किती घातक आहे, हे सांगणारा याहून बोलका आकडा मला माहीत नाही. केरळमध्ये अशी उडी जवळजवळ दिसत नाही, कारण तिथे पहिल्या वर्षात गमावण्यासारखं फार उरलेलंच नाही.

वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी बहुतेक पहिल्या महिन्यातच जातात. कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, जन्मताना श्वास न घेणं, आणि पुढच्या काही दिवसांतला जंतुसंसर्ग ही तीन मुख्य कारणं. पहिल्याची मुळं आईच्या अंगात असतात. ती स्वतः लहान वयात लग्न झालेली, अशक्त, रक्त कमी असलेली, घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवणारी असेल तर बाळ दोन किलोचं होतं. दुसऱ्या कारणाचा निकाल जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात लागतो, म्हणजे शेजारी जाणता माणूस आहे की नाही यावर. तिसऱ्यासाठी आठवड्याभरात कुणीतरी घरी येऊन बाळाकडे नीट बघावं लागतं.

आईचा जीवही याच साखळीत आहे. २०१८-२० मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे केरळमध्ये १९ मातांचा मृत्यू झाला, महाराष्ट्रात ३३, उत्तर प्रदेशात १६७, मध्य प्रदेशात १७३, आसाममध्ये १९५. आसाम आणि केरळ यांच्यात दहापटीचा फरक आहे. बाळंतपणातला रक्तस्राव दोन्हीकडे सारखाच जीवघेणा असतो. रक्ताची पिशवी किती तासांवर आहे, यात फरक असतो.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, गावोगाव आशा नेमल्या गेल्या, दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे मिळू लागले. २००५-०६ मध्ये देशातली ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये ८९ टक्के. उत्तरेकडच्या राज्यांचे आकडे गेल्या वीस वर्षांत सुधारले त्यामागे याचा मोठा हात आहे. मात्र दवाखान्याची पायरी चढली म्हणजे सगळं झालं असं नाही. बाळंतिणीला काही तासांत घरी पाठवलं, बाळाचं वजन नीट केलंच नाही, तर इमारत बदलते, धोका तिथेच राहतो.

पैसा आला की आयुष्य वाढतं का?

काही अंशी. पैसा असला की खाणं, घर, औषध सगळंच सोपं होतं. पण दरडोई उत्पन्नात पुढे असलेल्या हरियाणाचं आयुर्मान साधारण ७० आहे, आणि कितीतरी गरीब ओडिशाचंही साधारण ७०. १९७० च्या दशकात केरळचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी होतं आणि आयुर्मान मात्र देशाहून बारा वर्षांनी जास्त होतं.

केरळने हे कसं साधलं? कारणं एकात एक गुंतलेली आहेत. त्रावणकोर संस्थानात राणी गौरी पार्वतीबाईंनी १८१७ मध्येच शिक्षणाचा खर्च राज्याने उचलावा असं फर्मान काढलं. देवीची लस तिथे लवकर पोचली. पुढे मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांची आणि जातिअंताच्या चळवळींची भर पडली, १९५७ नंतर जमीन सुधारणा झाल्या, रेशन घरोघर पोचलं. पण मला यात सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती मुलींची शाळा. शिकलेली आई बाळाला ताप आला की थांबत नाही, लसीची तारीख लक्षात ठेवते, नर्सशी बरोबरीने बोलते. केरळच्या खेड्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवून ठेवलं आहे की, आरोग्य केंद्रात डॉक्टर जागेवर नसेल तर तिथले लोक जमून जाब विचारतात. डॉक्टर नसणं इतर राज्यांतही घडतं, पण बऱ्याच ठिकाणी लोकांनी ते गृहीत धरलेलं असतं.

‘केरळची गोष्टच वेगळी, त्यांचा इतिहास वेगळा’ असं म्हणून विषय संपवता येत नाही, कारण केरळच्याच पोटात एक पुरावा आहे. उत्तरेकडचा मलबार भाग स्वातंत्र्यापूर्वी मद्रास प्रांतात होता. त्रावणकोर-कोचीनसारखा शाळांचा आणि दवाखान्यांचा वारसा त्याला नव्हता, आणि तो बराच मागे होता. १९५६ मध्ये केरळ राज्य झालं, मलबार त्यात आला, आणि पुढच्या काही दशकांत त्याने दक्षिण केरळला जवळजवळ गाठलं. दीडशे वर्षांची आघाडी दोन पिढ्यांत भरून निघाली.

तामिळनाडूची वाट निराळी आहे. तिथे सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा १९३९ पासून आहे, आणि साथरोग, स्वच्छता, लसीकरण हेच काम असलेलं अधिकाऱ्यांचं वेगळं खातं आहे. १९९० च्या दशकात त्यांनी औषधखरेदीसाठी महामंडळ काढलं. गोदामात कोणतं औषध किती उरलं हे बघून पुरवठा करायचा, ही त्याची रीत पुढे इतर राज्यांनी उचलली. यात भव्य काही नाही. आरोग्य केंद्रात गेलेल्या बाईला गोळी मिळाली, एवढंच. आयुर्मान अशाच गोष्टींनी वाढतं.

गडचिरोलीत काय सिद्ध झालं

आपल्या राज्यातलं एक काम या विषयात जगभर सांगितलं जातं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. १९९० च्या दशकात त्यांनी ३९ गावांत एक प्रयोग केला. बाळं घरीच जन्मत होती, दवाखाना दूर होता. मग गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना त्यांनी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. श्वास न घेणाऱ्या बाळाला फुगा आणि मुखवट्याने हवा देणं, ऊब राखणं, संसर्गाची लक्षणं ओळखणं, गरज पडली तर अँटिबायोटिकचं इंजेक्शनही देणं. या बायका ‘आरोग्यदूत’ झाल्या. शेजारच्या गावांशी तुलना केली तेव्हा नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते निष्कर्ष छापले, आणि २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणं हे देशभरातल्या आशांचं काम झालं.

आज बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. हात साबणाने धुतात. बाळाला झोळीच्या काट्यात ठेवून वजन घेतात. काखेत थर्मामीटर लावतात. मग कुंची आणि दुपटं बाजूला करून, घड्याळाकडे बघत, पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाची हालचाल मोजतात. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल आणि मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास असतील तर धोका. छाती आत ओढली जातेय का, दूध ओढायची ताकद कमी झालीय का, रडणं मंदावलंय का, बेंबी लाल आहे का, हेही बघतात. आजी म्हणते, ‘जरा सुस्त आहे, बाकी काही नाही.’ ही सुस्तीच संसर्गाची पहिली खूण असू शकते, आणि ताईंना ते शिकवलेलं असतं. गाडी मागवून बाळ त्याच दिवशी पुढे गेलं तर वाचतं.

जिथे हे सगळं सहाच्या सहा वेळा घडतं आणि जिथे रजिस्टरमध्ये नुसत्या तारखा भरल्या जातात, त्या दोन जागांच्या आयुर्मानात फरक पडणारच. आशाताईंच्या मोबदल्याची थकबाकी ही बातमी आपण आंदोलनाच्या पानावर वाचतो. तिचा आयुर्मानाशी थेट संबंध आहे.

बायकांचं आयुष्य

जगात जवळपास सगळीकडे बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात. आपल्याकडे १९७०-७५ मध्ये उलटं होतं: पुरुष ५०.५, बायका ४९. उत्तर प्रदेशात तर पुरुष ४५.४ आणि बायका ४०.५. केरळमध्ये तेव्हाही बायका पुढे होत्या. देशपातळीवर बायका पुरुषांच्या पुढे गेल्या त्या १९८० च्या दशकात. आज केरळमधल्या बाईचं आयुर्मान सुमारे ७८ आहे. बिहार आणि झारखंडमध्ये मात्र अलीकडच्या तक्त्यांतही बायका पुरुषांच्या पुढे गेलेल्या नाहीत. मुलीला उशिरा दवाखान्यात नेणं, तिच्या ताटात कमी वाढणं आणि बाळंतपणातले मृत्यू, या तिन्हींची बेरीज त्या एका आकड्यात आहे.

सरासरीच्या आत

राज्याचा आकडा हीसुद्धा सरासरीच. २०१५-१९ च्या तक्त्यात हिमाचलच्या शहरातली बाई ८२.३ वर्षांवर आहे आणि छत्तीसगडच्या खेड्यातला पुरुष ६२.८ वर. दोघांत साडेएकोणीस वर्षांचं अंतर! दिल्लीच्या पहिल्या नंबराकडेही असंच बघायला हवं. दिल्ली जवळजवळ पूर्ण शहर आहे, आणि इतर राज्यांच्या सरासरीत त्यांची खेडी धरलेली असतात.

जातीचा प्रश्न तर टाळताच येत नाही. उत्तर, मध्य आणि पूर्वेकडच्या नऊ राज्यांच्या सरकारी सर्वेक्षणावरून केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सवर्ण हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून अधिक कमी, दलितांचं तीन वर्षांहून अधिक कमी आणि मुसलमानांचं साधारण एक वर्षाने कमी आढळलं. घरची आर्थिक स्थिती हिशोबात धरली तरी त्यातून निम्म्याहून कमी फरकाचा उलगडा होतो. सारख्याच गरिबीतही आदिवासी आणि दलित लवकर मरतात. छत्तीसगडची तीस टक्क्यांहून जास्त लोकसंख्या आदिवासी आहे, केरळची दीड टक्क्याच्या आसपास. केरळच्या त्या दीड टक्क्यातला अट्टप्पाडी हा आदिवासी भाग घ्या: २०१३ च्या सुमारास तिथल्या आदिवासी बाळांच्या मृत्यूंनी सगळं राज्य हादरलं होतं.

महाराष्ट्राच्या ७२.९ मध्ये पुणे आहे तसं मेळघाट, नंदुरबार आणि भामरागडही आहे. त्यांचं आयुर्मान किती? या तक्त्यांत त्याला उत्तर नाही. नमुन्यात निवडलेली गावं राज्याचा अंदाज देण्यापुरती आहेत, एकेका जिल्ह्याचा अंदाज त्यातून निघत नाही. लोकसंख्या कमी असल्याने गोव्याचं नावही या तक्त्यात नसतं.

मोठी माणसं कशाने जातात

बाळं वाचायला लागली की राज्याराज्यांतला उरलेला फरक मोठ्यांच्या आजारांत सरकतो. संसर्ग, कुपोषण आणि बाळंतपण यांपेक्षा हृदयविकार, मधुमेह, पक्षाघात यांचा भार जास्त होण्याचा टप्पा केरळ, गोवा आणि तामिळनाडूने १९८६ च्या सुमारास ओलांडला, बिहार आणि उत्तर प्रदेशाने २०१० च्या सुमारास. मध्ये जवळजवळ एका पिढीचं अंतर. छत्तीसगडसारख्या राज्यात आजही दोन्ही ओझी एकदम आहेत: एकीकडे रक्तदाब, दुसरीकडे क्षयरोग, मलेरिया आणि सिकलसेल.

क्षयरोगाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. बिलासपूरजवळच्या गनियारीला ‘जन स्वास्थ्य सहयोग’ नावाचं रुग्णालय आहे. तिथे आलेल्या क्षयरोग्यांची वजनं डॉक्टरांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. पुरुषांचं मध्यम वजन (म्हणजे निम्मे त्याहून हलके, निम्मे जड) ४२ किलो, बायकांचं ३४ किलो. ३४ किलो म्हणजे आपल्याकडच्या बारा वर्षांच्या मुलीचं वजन. एवढ्या अशक्त शरीरात औषध आजाराशी लढतं, पण शरीराला साथ देता येत नाही. मग डॉ. अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने झारखंडच्या चार जिल्ह्यांत एक मोठा अभ्यास झाला. रुग्णाला दरमहा तांदूळ, तूरडाळ, दूध पावडर आणि तेल दिलं. काही रुग्णांच्या घरातल्या बाकीच्यांनाही माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने क्षयरोग होण्याचं प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी भरलं. लसीकडून अपेक्षा करावी असा हा परिणाम तांदूळ आणि डाळीने दाखवला.

विंचू आणि साप हे शहरात बसून सुचणारच नाही असं कारण. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं जात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी त्यावर वापरली, आणि चाळीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर एक टक्क्यापर्यंत आला. सापाचं तसं झालेलं नाही. सर्पदंशाने भारतात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, बहुतेक खेड्यांत आणि पावसाळ्यात. प्रतिविष तयार आहे. ते भाताच्या खाचरापासून किती तासांवर ठेवलंय, हा प्रश्न आहे.

आयुर्मानाचा नवा तक्ता आला की बातमीत पहिल्या आणि शेवटच्या राज्याचं नाव येतं. जमल्यास मूळ तक्ता उघडा, तो महानिबंधक कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. त्यात जन्मावेळच्या आयुर्मानाशेजारी एक वर्षाच्या वयाचा आकडा बघा, म्हणजे राज्य बाळांना कसं सांभाळतं ते कळेल. साठाव्या वर्षीचा आकडा बघा, मोठ्यांच्या आजारांचं कळेल. आणि ग्रामीण बायकांचा रकाना शहरी पुरुषांच्या रकान्याशेजारी ठेवून वाचा.